सांध्यावरची रेघ

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दिल्लीतल्याच द्वारकेहून, त्यांच्याकडूनच, नुकता परतलो होतो. पायांतले बूटही काढले नव्हते. "भावोजी, हे गेले..." एवढंच. सांगायला लाज वाटते, पण मनात पहिलं आलं ते हेच, की आता पुन्हा मेट्रोत बसायचं. चार महिन्यांच्या आजारपणानं आम्ही सगळेच दमलो होतो. सुधाकर सर्वांत जास्त.

सरकारी नोकरीत तीस वर्षं त्याची नि माझी टेबलं शेजारी होती. निवृत्तीनंतर मी पेपर वाचत बसलो. त्यानं बाल्कनीत लाकूड कातायचं छोटं लेथ बसवलं आणि बिलियर्ड्ससारखा पूल खेळायच्या काठ्या, म्हणजे क्यू, बनवायला लागला. शिसवी मूठ, पुढे मेपलचं फिकट लाकूड, वर आरशासारखं पॉलिश. कॅन्टोन्मेंटमधल्या एका सुभेदारांची मुलगी, अश्विनी, स्पर्धा खेळायची. तिच्यासाठी त्यानं भर पावसाळ्यात क्यू केली. पुढच्या मे महिन्यात ती क्यू घेऊन परत आली. "काका, इथे बोटाला काहीतरी लागतंय. शॉट मारताना लक्ष तिथेच जातं."

उन्हाळ्यात दोन्ही लाकडं आटली होती, पण सारखी नाही. सांध्यावर पॉलिशमधून केसाएवढी रेघ उठली होती. त्यानं घासून पुन्हा पॉलिश केलं. ऑगस्टच्या दमट हवेत लाकडं फुगली, रेघ पुन्हा हजर.

"अरे यार, जाड कोट मार नि मोकळा हो," मी वैतागून म्हणालो.

"आणि ऐन मॅचमध्ये तो तडकला तर?"

पुढच्या खेपेला त्यानं तिला सरळ सांगितलं, "बेटा, चूक माझी आहे. लाकूड मुरायच्या आत मी घाई केली. नवी करून देतो, पण वर्ष लागेल."

तिनं क्यू त्याच्याकडेच ठेवली. म्हणाली, "थांबते, काका."

उसन्या क्यूनं खेळून ती दोन स्पर्धा हरली. ते त्याला फार लागलं. तरी लाकूड सगळ्या ऋतूंत मुरावं म्हणून त्यानं नवी क्यू पॉलिश न करता बाल्कनीत टांगून ठेवली. थंडी गेली, मे गेला... आणि जूनमध्ये तो गेला.

परवा अश्विनी येऊन गेली. वहिनी क्यू काढून द्यायला निघाल्या, तर तिनंच अडवलं. "राहू दे, काकू. पावसाळा संपला की येते. पॉलिश मीच करीन, हळूहळू."

क्यू अजून तिथेच आहे. वहिनी कपडे दुसऱ्या बाजूला वाळत घालतात.