सोनईची लेक लिहिते

सोनईहून राहुरी ठेसनापर्यंत बैलगाडीनं जायला अख्खी सकाळ लागते. लग्नानंतर मी गाव सोडलं त्या दिवशी गाडीत मी, माझे यजमान, एक पत्र्याची ट्रंक आणि फडक्यात बांधलेल्या बाजरीच्या भाकरी होत्या. गाडी आबा, म्हणजे माझे वडील, स्वतः हाकत होते. धाकटी बहीण गोदा मारुतीच्या देवळापर्यंत गाडीमागं पळत आली. आई उंबऱ्यातूनच म्हणाली, "शेवंते, तिकडं लई बोलू नको. शेरातली मानसं नव्या पोरीचं बोलनं तोलून बघत्यात."

मी मान हलवली. मान हलवायला काय जातं?

यजमान पुण्यात एका छापखान्यात जुळारी होते, शिशाचे खिळे जुळवून मजकूर तयार करायचे. शुक्रवार पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. लढाईचे दिवस होते, राकेलला रांग, साखरेला रांग. मी सातवी पास झालेली, आमच्या भावकीतली पहिलीच मुलगी. घरात दुपार निघता निघेना, म्हणून गोदाला पत्रं लिहू लागले. तिलाही वाचता येत होतं.

पत्रांत मी बोलपटांबद्दल लिहायचे. थेटरात बायकांची बाजू वेगळी असते, शेंगा घरून नेलेल्या बऱ्या, असं. पडद्यावरची सून पहाटे उठते तीच केसात फूल माळून. तिच्या चुलीला धूर नसतो आणि डोळ्याला पाणी येतं ते फक्त गाण्याच्या वेळी. तिला बघून आपल्या चुलीला नावं ठेवू नका, असं मी कळवलं. चहाची तीच पावडर तिसऱ्यांदा उकळू नका, तो चहा नव्हे, काढा होतो. पाचवारी नेसून चालायला सोपं पडतं, मी नेसून बघितलं आहे. आणि जत्रेत फोनोवर लागणाऱ्या गाण्याला वंगाळ म्हणणाऱ्या माणसाला त्याची सगळी कडवी पाठ असतात, हेही लिहिलं.

गोदा ही पत्रं अंगणात मोठ्यानं वाचायची. शेजारच्या बाया दळण बाजूला ठेवून ऐकत आणि प्रश्न पाठवत. एकदा यजमानांनी माझं एक अर्धवट पत्र छापखान्यात नेलं. तिथं एक साप्ताहिक छापलं जाई. त्याच्या संपादकांनी ते पत्र छापलं आणि दर आठवड्याला तसंच काही लिहून मागितलं. खाली नाव काय घालायचं, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "सोनईची लेक."

वर्षभर ठीक चाललं. वाचणाऱ्या बायका मला पत्रं लिहू लागल्या. आमच्याच नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडच्या डोंगरातल्या एका बाईनं लिहिलं, की बाळंतपणानंतर डोंगर चढून पाणी आणते, पाय फुटले आहेत, पण सासूपुढं वहाणा घालायच्या नाहीत अशी रीत आहे, काय करू? मी छापून उत्तर दिलं: वहाणा घाल. सासूला म्हणावं, घागर फुटली तर नुकसान घराचंच आहे. दोन महिन्यांनी तिचं कार्ड आलं. वहाणा आणल्या होत्या, एक जोड तिच्यासाठी आणि एक सासूसाठी.

मग एका दुपारी आबा दारात उभे. कळवलं नव्हतं. ट्रंकेवर बसले, पाणी प्यायले, चहाला नको म्हणाले.

"गोदाचं जमलंय," ते म्हणाले. "नेवाशाकडचं स्थळ. जमीन हाय, विहीर हाय. पन त्यांच्यात कुनीतरी तुझं छापलेलं वाचून दाखवलं. पोरीची बहीन बोलपटावर लिहिती, सुनांना शिकवती म्हनत्यात. आमाला असलं घर नको."

मी पाण्याचा तांब्या उचलून ठेवला.

"एक ओळ लिही, की आता लिहिनार न्हाई. ती छापली की ते अक्षय तृतीयेला लगीन करत्यात. आन् न्हाईच जमलं, तर निदान गावाचं नाव काढ त्यातनं."

"गाव माझं नाही का, आबा?"

"तुला दिली तवा गाव सुटलं."

"मला दिली तुम्ही. गाव मी कुणाला दिलं नव्हतं."

आबांनी मला कधी मारलं नव्हतं. त्या दिवशी त्यांचा हात उचलला गेला, आणि तसाच गुडघ्यावर परत आला. ते म्हणाले, "इचार कर," आणि पागोटं नीट करून स्टेशनला चालू लागले.

यजमान घरी आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुझं तू ठरव. तू लिहिशील ते मी जुळवीन."

मी चार दिवस विचार केला. गोदाचा विचार केला, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त त्या वहाणावाल्या बाईचा केला. मी बंद केलं असं छापून आलं, तर ती वहाणा काढील का? मी नेहमीसारखाच मजकूर पाठवला. त्यात लिहिलं, की मुलीला बघायला येणाऱ्यांनी तिच्या बहिणीला बघू नये. खाली नाव होतं तेच.

स्थळ मोडलं. आईनं मास्तरांकडून कार्ड लिहवून घेतलं, त्यात एकच ओळ होती: तुझ्या पेनानं माझ्या लेकीचं लगीन मोडलं. पुढं दोन वर्षं मला माहेरचं बोलावणं नव्हतं. दिवाळीला शेजारणींचे भाऊ न्यायला येत, तेव्हा मी दार लावून लिहीत बसायचे. रडले नाही असं म्हणत नाही. पण लिहिलेलं मागं घेतलं नाही.

दोन वर्षांनी गोदा आली, मामाबरोबर. मामा बाजारात गेल्यावर मी तिला म्हणाले, "गोदे, माझ्यामुळं झालं ते. पण मी चुकले असं मला वाटत नाही."

ती कपडे घडी करत होती. म्हणाली, "मला ते स्थळ नको हुतं. पोरगा मला आवडला न्हवता. पन आबांनी मला इचारलं न्हाई, आईनं न्हाई, आन् तू पन न्हाई. सगळ्या जगाच्या बायांना तू इचारतीस. मोडायचं ते माझं मला मोडायचं हुतं."

सगळ्यांना उत्तरं देणारी मी, चुलीशी जाऊन उगाच लाकडं सारखी करत बसले. पुढं ती म्हणाली, "माझ्यावर छापू नको." तेवढं एक मी ऐकलं. मागच्या महिन्यात तिनं स्वतः सांगितलं, की आता लिही, म्हणून हे लिहिते आहे.

"तुला काय करायचंय?" हे मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. ती नगरला जाऊन दवाखान्यात सुईणीचं काम शिकली. तिच्या अर्जावर आबांनी सही केली. त्यांना सहीपुरतंच लिहिता येतं. आता ती अकोल्याच्या बाजूला असते, भाताच्या खाचरांतून चालत बाळंतपणाला जाते. लग्न अजून केलेलं नाही. आई त्यावरून मला बोलते, आणि मी ऐकून घेते.

गेल्या हिवाळ्यात आईनं मला बोलावलं. अंगणात बायका जमल्या, पण कौतुकाला नाही, भांडायला. पाचवारीत ओणवं होऊन खुरपता येत नाही, असं शेजारच्या सरूकाकूंनी मला नेसून, वाकून दाखवलं. मी म्हणाले, पुण्याच्या रस्त्यावर कोण खुरपतं? त्या म्हणाल्या, "मग पुन्यापुरतं लिही की." सगळ्या हसल्या. मी पुन्हा तोंड उघडलं तसं त्यांनी मला थांबवलं, तेव्हा आई आतून म्हणाली, "तिला बोलू द्या. मग तुमी बोला." आबा ओट्यावर आमच्याकडं पाठ करून बसले होते. ते उठून गेले नाहीत.

पुण्यात माझ्याशी कुणी असं भांडत नाही. तिथं पत्रं येतात, आभार येतात, कधी शिव्याही येतात, पण नेसून दाखवायला कुणी येत नाही. माझं घर अजून सोनईत आहे ते एवढ्यापुरतं, आणि एवढं मला पुरतं. गावाच्या ज्या लेकी मुंबईला, नाशकाला, कुठंकुठं गेल्या, त्यांनाही माझं हेच सांगणं आहे: गाव सुटलं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, जा आणि भांडा.

पाचवारी सोपी पडते, हे माझं मत कायम आहे. पंचमीला मी येते आहे. ज्यांना पटलं नसेल, त्यांनी आमच्या अंगणात यावं.