जगनकाकांची उडी

जगनकाकांबद्दल चांगलं लिहायची माझी इच्छा नाही. ते कुंदनचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे काका. विचुंब्यात चाळीस वर्षं सुतारकाम. कानावर पेन्सिल, तोंडात दुसऱ्याची अक्कल काढणारं वाक्य. तुळई केवढी हवी याचं त्यांच्या वडिलांपासूनचं एकच गणित: दोन भिंतींमध्ये जेवढे फूट अंतर, त्याच्या निम्मे इंच तुळईची उंची. बारा फुटांना सहा इंच. मग मधोमध उभं राहून एक उडी मारायची. मोडली नाही, की नारळ फोडायचा.

आमच्या बारा फुटी पोटमाळ्याच्या तुळईला त्यांनी बंदरावरच्या पेट्यांमधून निघालेलं पाइन आणलं.

मी म्हटलं, “काका, तुमचं गणित ऐनाच्या लाकडाचं. हे पाइन त्याहून मऊ आहे.”

“सूनबाय, तुजा कालेज तुज्याजवल ठेव. माज्या तुलईखाली आजवर कोन मेला नाय.”

उडी मारली. नारळ फुटला. भात झोडून झाल्यावर सासूबाईंनी वर अकरा पोती चढवली. खाली, बरोबर मधोमध, माझ्या लेकीची, कोमलची खाट. मी खाट भिंतीकडे सरकवली, की सासूबाई पुन्हा ओढून आणायच्या. “जगनभावजी काय म्हनतील?” कुंदनला सांगितलं, तर तो म्हणाला, “घरात भांडण नको.”

उडी क्षणाची असते, पोती महिनोन्‌महिने बसतात, एवढं मला कळत होतं. मी तुळईच्या दोन बोटं खाली, भिंतीपासून भिंतीपर्यंत एक दोरा ताणून बांधला. होळीपर्यंत तुळई वाकून त्या दोऱ्याला टेकली.

होळीला काका पोळी खायला आले आणि वर बघून कडाडले.

“यो फास कोनी लावलाय माज्या कामाला?”

“मी.”

“परत उडी मारून दाखवू?”

“उडी नको. कोमलच्या खाटेवर आडवे व्हा. तासभर. पोळी तिथेच आणून देते.”

सासूबाई मला गप्प करायला धावल्या. काका तरातरा जाऊन आडवे झाले. वर बघितलं. दोऱ्याकडे बघितलं. मग उठले आणि खाट स्वतःच्या हाताने भिंतीला लावली.

“मधी उजेड डोल्यावर येतो.”

खिडकी उशामागे होती. कोमलला हसू आवरलं नाही.

पोती त्यांनीच उतरवली, पोळीला हात न लावता. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या मोडीत काढलेल्या गोठ्याची ऐनाची तुळई घेऊन आले. उंचीला आठ इंच. दिवसभर खपले, घरातलं पाणीसुद्धा घेतलं नाही. उडी मारली नाही, नारळही मागितला नाही.

त्यांच्या डोळ्यांदेखत मी नवा दोरा बांधला. करवत पिशवीत घालताना ते कोमलला म्हणाले, “तुज्या आयला सांग, गाठ सैल हाय.”

त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. गाठ मात्र मी पुन्हा बांधली. सैलच होती.