पूर्ववत करून द्यावे

निवृत्तीनंतर नेदरलंड्समधल्या झूटरमेरला मुलाकडे राहायला आलो, तेव्हा दिवाणी वकिलीच्या दिवसांतल्या दोनच गोष्टी माझ्याबरोबर आल्या होत्या: जुनी शाईची पेनं दुरुस्त करण्याचा नाद आणि तक्रारअर्ज लिहिण्याची खोड. पहिलीपायी जेवणाचं टेबल अडे. दुसरीपायी वाटेतल्या सायकलींपासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत यच्चयावत विषयांवर नगरपालिकेला माझी पत्रं जात, आणि तिची सभ्य, निरुपयोगी उत्तरं येत.

वडिलांच्या पेनाला मात्र मी कधी हात लावला नव्हता. ते कचेरीबाहेर बसणारे दस्तलेखक. हात मोडीवर बसलेला. त्यामुळे बाळबोध लिहितानाही आधी ओळभर शिरोरेषा ओढीत आणि मग तिला अक्षरं टांगीत. त्या रेघांनी निबेचं टोक एका अंगाला झिजलं होतं. माझ्या हातात ते पेन खरखरे. त्या खरखरीत मला त्यांचा हात जाणवे.

टोपणाला चीर गेली. ते काम माझ्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून हार्लेमच्या एका वृद्ध कारागिराकडे पेन पाठवलं. सोबत दोन पानी, कलमवार इंग्रजी पत्र. महिन्याने स्वतः आणायला गेलो. टोपणावरची चीर शोधूनही सापडेना. मग निब कागदाला टेकवली, आणि ती तेल लावल्यासारखी सरकली.

"टोक घासलंत?"

"हो, मेनेर," तो डच अदबीने, पण कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला. "कुणीतरी फार वाईट झिजवलं होतं."

मी पैसे देऊन निघालो. माझा संताप कागदावरच नीट उतरतो. घरी येऊन तीन पानं लिहिली: निष्काळजीपणा, विश्वासभंग, विनाविलंब लेखी क्षमायाचना. पाकीट टपालात टाकायला सुनेच्या हाती दिलं.

"बाबा, त्याला दिलेल्या सूचनांची प्रत आहे ना?"

"प्रत ठेवल्याशिवाय मी वाणसामानाची यादीसुद्धा देत नाही."

"माहितेय. परवा माझ्याकडून कोथिंबिरीची पोच घेतलीत."

प्रत घेऊन ती हसत हसत वाचू लागली. चौथ्या कलमापाशी हसू थांबलं.

"इथे तुम्ही 'ओरिजिनल कंडिशन' लिहिलंय."

"म्हणजे पूर्ववत! मी दुसरं काय मागणार?"

"पूर्ववत म्हणजे चीर जाण्याआधी होतं तसं. ओरिजिनल म्हणजे कारखान्यातून निघालं तसं. आमच्या ऑफिसात क्लायंटने असं लिहून दिलं असतं, तर आम्हीही हेच केलं असतं, बाबा." शेवटचं वाक्य ती हळू बोलली.

एका शब्दावर मी प्रतिपक्षाचे दावे फेटाळून घेतले आहेत. लेखी मजकूर स्पष्ट असेल, तर लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते न्यायालय विचारीत नाही, हे मीच अशिलांना ऐकवीत असे. कलम माझं, सही माझी. माझ्या बाजूने मांडण्यासारखं काहीच नव्हतं.

तीन पानं फाडली. कारागिराला एका ओळीत कळवलं, की काम सूचनेनुसार झालं आहे. ते लिहून फार थकवा आला. मग वडिलांचं पेन घेतलं आणि कोऱ्या कागदावर, त्यांच्यासारखीच, अक्षरांआधी शिरोरेषा ओढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत पेन कुठेही खरखरलं नाही. तिच्याखाली टांगायला मला एकही अक्षर सुचलं नाही.