काळ्या दोऱ्याची बाटली

घाटकोपरच्या सोसायट्यांमध्ये दादूला सगळे ‘झुरळवाले काका’ म्हणत. एकोणतीस वर्षं पाठीवर फवारणीचा पंप. कामात भारी नेटका. साकीनाक्याच्या गोदामातून औषध आणलं की आधी बाटली बादलीत भिजत घालायची, तारेच्या घासणीनं लेबल खरवडायचं, मग मानेला दोरा बांधायचा. झुरळांना लाल, वाळवीला काळा. गोदामवाल्या चंद्रप्रकाशची शिकवणच तशी होती: “नाव दिसलं की गिऱ्हाईक स्वतःच आणतं. मग तुला कोण विचारतो?”

त्या दुपारी घरातली औषधांची फळी पुसताना काळ्या दोऱ्याची बाटली त्याच्या बायकोच्या, सुंदराबाईच्या अंगावर सांडली. तिनं ओल्या साडीतच सगळं आवरलं. तासाभरात तोंडातून लाळ गळायला लागली, श्वास लागला.

“काका, औषधाचं नाव?” हॉस्पिटलात डॉक्टर मधुवंतीनं विचारलं.

“वाळवीचं.”

“ते त्याचं काम झालं. आतल्या रसायनाचं नाव सांगा. एक इंजेक्शन सुरू केलंय. दुसरं द्यायचं का, ते रसायनाच्या कुळावर आहे. दोन कुळांची लक्षणं सारखीच दिसतात.”

“पाण्यात दुधासारखं होतं. रॉकेलसारखा वास येतो.”

“असं पुष्कळ औषधांचं होतं, काका.”

“लेबलवर पिवळा त्रिकोण होता!” दादूला एकदम आठवलं.

“तो किती जहाल ते सांगतो. कोणतं, ते नाही.”

दादूनं चंद्रप्रकाशला फोन लावला.

“वाळवीचा माल? या महिन्यात दोन तऱ्हेचा आलाय रे. लेबल बघ ना यार, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.”

दादूनं फोन ठेवला.

तेवढ्यात लेक तेजल घरून बाटली घेऊन धावत आली, दोन पिशव्यांत गुंडाळून. “किती वेळा सांगितलं पप्पा, निदान नाव तरी वहीत लिहून ठेवा...”

मधुवंतीनं पिशवीतली बाटली ट्यूबलाइटखाली धरून फिरवली. एक अक्षर नाही. डिंकाचा डागसुद्धा नाही.

“किती स्वच्छ घासलीय,” ती हळूच म्हणाली आणि बाटली त्याच्या हातात देऊन आत गेली.

ते नाव त्याच्याच नखांखालून गेलं होतं. वाचावंसं मात्र कधी वाटलं नव्हतं. पडद्यामागे सुंदराबाईचा श्वास घरघरत होता. लेबल असायचं त्या जागी, पिशवीवरूनच, दादू बोटानं चाचपत राहिला.