मी जीपला आतूनही रंग दिला

आमच्या फाट्यावर बस थांबत नाही. पोरी शाळेला पायी जातात आणि निम्मी रिकामी बस त्यांच्या अंगावर धूळ उडवत निघून जाते. हा अन्याय आहे. अन्याय दिसला की मी पत्रक काढतो. तिसऱ्या पत्रकानंतर आगारातल्या साहेबांनी एकदाची वेळ दिली: सोमवारी सकाळी अकरा. त्यानंतर साहेब पंधरा दिवस रजेवर, आणि पोरींची परीक्षा त्याच पंधरवड्यात. म्हणजे अकरा म्हणजे अकराच.

जायला मामाची जुनी जीप होती. शनिवारी मी तिला लाल ऑइलपेंट मारला. चळवळ म्हणजे वरवरचा मुलामा नव्हे, म्हणून बॉनेट उघडून आतूनही मारला. दिसेल तो नट सोडला, त्याच्याखाली दोन हात दिले, वाळल्यावर नट परत आवळला. इतकं मन लावून आमच्याकडं कुणी काम करत नाही.

सोमवारी साडेआठला मामानं चावी फिरवली. काहीच नाही. हॉर्न नाही, दिवा नाही, साधी टिकटिकसुद्धा नाही.

"घातपात!" मी ओरडलो.

"लई वरडू नको," मामा म्हणाला. "बॅटरी उतरली असंल."

शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून लावली. तरी जीप मुकीच. आता माझी खात्री पटली. गावात कुणाला आमची बस नको आहे, कोण विकलं गेलं आहे, हे सगळं मी मामाला ऐकवत राहिलो. तेवढ्यात मामानं बॅटरी परत ट्रॅक्टरला बसवली, जीपला दोर बांधला आणि ट्रॅक्टरनं आम्हाला ओढत चौसाळ्याच्या मिस्त्रीकडं आणलं. दहा वाजायला आले होते.

मिस्त्रीचाचांना मी व्यवस्थेबद्दल सांगायला लागलो. त्यांनी दोन वायरी जोडलेला एक बल्ब काढला.

"बेटा, पयले बाजू हो."

एक वायर बॅटरीच्या प्लसवर, दुसरी मायनसवर. बल्ब लख्ख पेटला. मग मायनसवरची वायर उचलून त्यांनी जीपच्या पत्र्याला रंग उडालेल्या एका जागी टेकवली. अंधार.

"बॅटरीत जान हाय. पन मायनसची पट्टी बॉडीला जितं कसली, तितं करंट जात न्हाई." त्यांनी तो नट सोडला. खाली माझा रंग होता, दोन हातांचा, गुळगुळीत. "नटाच्या खाली रंग कुनी मारला बे?"

मामानं माझ्याकडं बोट केलं.

"रंगातनं करंट जात न्हाई, येवढं पत्रकात लिव्हत न्हाईत का?" चाचा म्हणाले आणि थिनरची बाटली माझ्या हातात दिली. "घास."

मी घासलं. लोखंड पांढरं दिसेपर्यंत घासलं. थिनरनं सुटलेला लाल रंग कोपरापर्यंत आला, पांढऱ्या सदऱ्यावर उडाला. चाचांनी पट्टी आवळली, मामानं चावी फिरवली आणि जीप खोकत सुरू झाली. चाचांनी बजावलं, "बाकीच्या नटाखाली बी ह्येचीच कलाकारी हाय. परत घरी पोचेस्तोर बंद करू नका. बंद पडली तर तुमचं तुमी."

अकराला पाच कमी असताना आगारात पोचलो. मी निवेदन आणि अर्ध्या तासाचं भाषण घेऊन उतरायला लागलो, तर मामानं दंडाला धरलं.

"आसा जाऊ नको. साहेबाला वाटंल कुनाला तरी कापून आलाय. तू ॲक्सिलेटरवर पाय ठिवून बस."

जन्मात कुठल्या साहेबाशी न बोललेला मामा टोपी सारखी करत आत गेला. मी पायानं इंजिन जागं ठेवत आतल्या आत धुमसत होतो. तीन मिनिटांत मामा बाहेर.

"काय झालं?"

"उद्यापासून थांबनार. सकाळी बी, संध्याकाळी बी. कागदावर लिहून दिलंय."

"असं कसं? तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, साहेब, पोरी चालत जातेत. गाडी थांबवा."

"आणि माझं भाषण? पत्रकातले मुद्दे?"

"त्ये कुनी इचारलंच न्हाई," मामा म्हणाला. "सरक तिकडं. पाय काढू नको पन."