इलियासचं बोट आणि माझी वायर

इलियासनं नंबरप्लेट नुसती धरायला सांगितली होती. मी मदतीच्या भरात ती ओढली. पत्र्याची कड त्याच्या उजव्या तर्जनीच्या पोटावरून सर्रकन फिरली. त्याचं मांजरसुंब्याचं गॅरेज त्या बोटावर चालतं. स्क्रूचा आटा गेलाय की शाबूत, हे तो न बघता चाचपून सांगतो.

बीडच्या डॉक्टरीणबाईंनी बोट बधिर करून जखमेत नीट पाहिलं. “बोट वाकवणारी दोरी तिसऱ्या हिश्श्याएवढीच कापलीय. वाकवताना अडकतही नाही. अर्ध्याच्या पुढं गेली असती तर शिवलीच असती. आता नुसती कातडी शिवते. पट्टीतल्या पट्टीत सांगेन तसं हलवायचं, दीड महिना पाना पिळायचा नाही. अडकलं, कट्ट वाजलं, तर लगेच यायचं.”

इलियासचा चेहरा उतरला. जन्मभर गिऱ्हाइकांचा संशय सोसलेला माणूस! म्हणून तर काढलेला प्रत्येक पार्ट तो पिशवीत घालून गाडीमालकाच्या हाती देतो. आता संशयाची पाळी त्याची होती.

“ऑपरेशन नको म्हणणारा डॉक्टर कधी बघितला का, गुरुजी? काहून नको म्हणती? कायतरी गडबड हाय.”

“अरे, थोडीच कापलीय.”

“वायरीच्या दोन तारा तुटल्या की बाकीच्यांवर लोड येतो. मग सगळीच जाती, अन् नेमकी घाटात जाती!”

डॉक्टरीणबाईंचं काही न सांगता तो दुसऱ्या डॉक्टरांकडं गेला. तेही तेच म्हणाले.

“दोघं एकाच कॉलेजचे असतील,” इलियास.

त्याची बायको बीबीजान कावली. “आता काय बोटालाच इचारता का?”

त्यानं तेच केलं. रोज सकाळी बोट हळूच वाकवून कानाशी धरायचा, इंजिनाचा ठोका ऐकावा तसा. कट्ट काही वाजलं नाही. दोन महिन्यांत मूठ घट्ट मिटली.

पहिली गाडी माझीच लागली. क्लचची वायर काढून त्यानं त्या बोटानं चाचपली. “दोन तारा तुटल्यात. बदलावी लागती.”

माझ्या मनात पाल चुकचुकली. बोटाचा वचपा तर नाही? “दोनच ना? तुझ्या बोटासारखं दीड महिना थांबून बघू की!”

त्यानं जुनी वायर पिशवीत घातली, माझ्या हातात दिली.

“वायर जित्ती न्हाई, गुरुजी.”