शनिवारची पट्टी

लोक हवा खायला गच्चीवर जातात, आमचे हे मोजायला जातात, असं त्याची बायको म्हणायची. खोटं नव्हतं. दवाखान्याच्या गच्चीवर हवा ओढून घेणारं एक यंत्र होतं. त्यातली चिकट पट्टी सकाळी काढायची आणि तिच्यावर बसलेले पराग नि बुरशीचे कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे, हे त्याचं एकवीस वर्षांचं काम. दम्याच्या आणि शिंकांनी बेजार झालेल्या रुग्णांच्या हातावर खालच्या मजल्यावर सुई टोचून तपासणी होई. कुणाला कशाने गांधी उठली, ते तो शहराच्या नकाशावर मांडायचा. टेकडीकडच्यांना गवताचे पराग बाधायचे, नदीकडच्यांना बुरशी.

तो स्वतः नदीकडेच राहायचा. त्याच्या इमारतीच्या तळमजल्यावर इस्त्रीचं दुकान होतं. तपासणीत बुरशीच्या अर्काच्या थेंबाने इस्त्रीवालीच्या हातावर रुपयाएवढी गांधी उठली, तेव्हापासून पट्टी मोजून झाली की तो तिला फोन करायचा.

"वहिनी, आज कण फार आहेत. खिडकी लावून घ्या. दम्याचा पंप जवळ ठेवा."

"ठेवते हो भाऊजी. तुमच्या हवेचा जाचच आहे नुसता," असं म्हणून ती हसायची आणि हसता हसता खोकायची.

एका शनिवारी त्याचं डोकं ठणकत होतं. त्याने पट्टी काढली, काचेवर चिकटवली आणि सोमवारी बघू म्हणून खणात ठेवली. फोन केला नाही. दुपारी चारच्या सुमारास इस्त्रीवाली काम करता करता खाली बसली, ती पुन्हा उठलीच नाही.

सोमवारी त्याने पट्टी पाहिली. शेपटीवाले काळे कण, एकाला एक खेटून. त्याने दोनदा मोजले, आकडा लिहिला. कुणी काही विचारलं नाही.

डोळे मिटले की ते कण दिसायचे. जिना उतरताना खोकला ऐकू यायचा. बंद दुकानापाशी पाय आपसूक थांबायचे आणि तोंडातून शब्द निघायचे, "वहिनी, आज कण फार आहेत."

एकदा आतून तिच्या नवऱ्याने दार उघडलं. "कुणाशी बोलताय, भाऊ?"

मग त्याच्याने राहवलं नाही. त्याने सगळं सांगून टाकलं.

नवरा बराच वेळ टेबलावरची चादर सारखी करत राहिला. "खिडकी ती कधी लावायचीच नाही. वाफेने जीव घाबरायचा तिचा. तुमचं मन मोडायला नको, म्हणून हो म्हणायची."

त्याला क्षणभर हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. त्याने विचारलं, "आणि पंप?"

"पंप मात्र तुमचा फोन आला की टेबलावर आणून ठेवायची." नवऱ्याने मान वर केली नाही. "त्या दिवशी तो घरात कपाटात होता. मी आणायला धावलो. आधी चुकीचा खण उघडला."

 पुढे कधी तो विषय निघाला नाही.

आता तो सुट्टीच्या दिवशीही दवाखान्यात जातो आणि नदीकडच्या चौदा घरांत फोन करतो. हाताखाली नवीन आलेल्या मुलीने विचारलं, रविवारचे आकडे तर कुणी मागत नाही, मग कशाला?

"सवय," तो म्हणाला आणि पुढची काच घेतली.